थर्मासचं झाकण

२ सप्टेंबर

ताई,

तुझं पाकीट दुकानात आलं तेव्हा मी एका गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो काढत होतो. वरचं अक्षर दिसलं आणि ‘हनुवटी जरा खाली’ म्हणायच्या ऐवजी मी त्यांना ‘बसा, बसा’ म्हणालो. ते आधीच बसले होते.

सात वर्षांनी पत्र, आणि त्यात तीन ओळी. ‘टिल्लीला तुझ्या वर्कशॉपला यायचंय. दवाखान्यात एक्स-रे काढून दोन वर्षांत जे साठवलं ते सगळं त्यात जाईल. फी वसूल होते का तेवढं कळव, पंधरा तारखेच्या आत भरायची आहे.’ खाली सही नाही. फोन का केला नाहीस हे विचारत नाही. फोनवर मी कसा सुटतो ते तुला माहीत आहे.

माझी भाची कमवायला लागली हेच मला खरं वाटेना. शेवटची बघितली तेव्हा सोळाची होती, नाव टिल्ली आणि उंची भावजींपेक्षा जास्त.

तर मुद्द्याचं. फी वसूल होते. फी जास्त आहे हे मी नाकारत नाही, पण आठ दिवस आहेत, दहाच जण घेतो, राहणं-खाणं त्यातच आलं. लोक म्हणतात, मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ फुकट आहेत. आहेत ना. पण पुस्तक वाचून कुणाला पोहता येत नाही. शेजारी उभं राहून ‘आता नको, थांब, आता’ असं सांगणारा माणूस लागतो.

माझा तो नावाड्याचा फोटो पेपरात आला होता, बघितला असशील. त्यासाठी मी पाण्याच्या कडेला तीन तास थंडीत उभा होतो, बोटं बधिर झाली होती. तीन तासांत तो माणूस एकदाच हसला. कॅमेऱ्याकडे बघतही नाही तो, बाजूला कुठेतरी बघतो. वर्गात मी सगळ्यांना ती नजर दाखवतो. म्हणतो, हा माणूस आपल्या गेलेल्या दिवसांकडे बघून हसतोय. असा धीर शिकवावा लागतो आणि मी तो शिकवतो. मी शिकायला गेलो होतो त्या वर्कशॉपला तू पण होतीस, पण तब्येतीमुळे तुला मधेच परत जावं लागलं. नाहीतर तुलाही फायदा झाला असता.

टिल्ली घरची पोर आहे, तिच्याकडून मी निम्मीच फी घेईन. पाठवून दे.

तुझी भावजय आठवण काढते. भावजींना नमस्कार.

तुझा भाऊ

६ सप्टेंबर

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मागे-पुढे करून बघितलं, पण मजकूर तेवढाच. ‘तीन तास?’

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर दुकानात चुका करत होतो. एका बाईंच्या फोटोत त्यांचा एक कानच आला नाही, त्या म्हणाल्या, माझे दोन आहेत हो.

बरं. तीन तास नाही. खरं सांगायचं तर मला माहीत नाही किती वेळ, पण तीन तास नाही.

टिल्लीला कळायला हवं म्हणून हेही लिहितो. तू तिथे होतीस, तुला ठाऊकच आहे, पण मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते वाचून तुला वाटेल मी विसरलो. तो नावाडी नावाडी नव्हता. तो घाटावर तिकिटं फाडायचा, तेही सोडून दिलं होतं. शिकवणाऱ्या सरांनी त्याला सकाळपुरता ठरवला होता. त्याच्या अंगातला फाटका सदरा सरांच्या पिशवीतला होता. आणि जे धुकं आम्ही सगळे ‘वा वा’ करून टिपत होतो ते झुडपामागे ओला पेंढा जाळून केलेलं होतं. सर म्हणाले की तो जाळं फेकायचा, सर म्हणाले की गंभीर व्हायचा. बारा जण बारा तिपाया रोवून एका रांगेत, आणि बाराही जणांना एकच फोटो. घरी जाऊन प्रत्येकाने सांगितलं असणार, नशीब बघा, त्या सकाळी नेमकं धुकं होतं.

आता मी माझ्या वर्कशॉपला हेच करतो. माझ्या पिशवीतही एक फाटका सदरा आहे. तुझ्या भावजयीने एकदा तो नीट शिवून, इस्त्री करून ठेवला. मी तिच्यावर ओरडलो. ती बिचारी म्हणाली, अहो, कुणाच्या तरी अंगात जायचाय ना, धड नको? मग मी आणखी ओरडलो.

आणि एक गोष्ट आहे. तो हसणारा फोटो तुझ्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातला आहे.

तू निघालीस तेव्हा तुझं कार्ड माझ्या हातावर ठेवलंस, आठवतं? म्हणालीस, ‘तुझं भरलंय म्हणत होतास ना, हे घे, मला नको.’ घरी आल्यावर दोन्ही कार्डं एकाच फोल्डरात उतरवली. कॅमेरे दोघांचे सारखे, तू मीच सुचवलेला घेतला होतास. माझे कुठले, तुझे कुठले, सगळी सरमिसळ झाली. स्पर्धेला त्यातला एक पाठवला. बक्षीस लागल्यावर माझ्या लक्षात आलं की हा मी काढलेला नाही. तोवर पेपरात नाव आलं होतं. मग कसं सांगणार?

चूक झाली हे मान्य करतो. पण ती चूकच होती.

टिल्लीचं काय ते तू ठरव.

तुझा भाऊ

७ सप्टेंबर

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि आज पुन्हा लिहायला बसलोय. ते तुला मिळालं असेल किंवा हे आधी मिळेल, पण कालचं वाचू नकोस. वाचलं असशील तर शेवटचा भाग खोटा आहे.

मला बक्षिसानंतर कळलं नाही. मला पहिल्या दिवशी कळलं.

कॅमेरा प्रत्येक फोटोच्या मागे तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. तुला मी दहा वेळा सांगितलं होतं, ताई, त्यातलं घड्याळ लाव. तू म्हणालीस, ‘मला वेळ कळते, त्याला कळून काय करायचंय?’ आणि लावलंच नाहीस. त्यामुळे तुझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने तू सगळे फोटो एक जानेवारीला काढलेत, तेही भलत्याच वर्षी. सरमिसळ व्हायला जागाच नव्हती. तो फोटो उघडला आणि खाली एक जानेवारी दिसलं. माझे चारशे फोटो बघून झाले होते, आणि त्या चारशेंत एकही माणूस जिवंत नव्हता. तुझ्या कार्डात सगळे मिळून एकोणीस फोटो. त्यात हा.

मग मी काय केलं तेही लिहितो. त्या माणसाच्या हातात तुझ्या थर्मासचं झाकण होतं. वॉर्डातून निवृत्त होताना नर्सबायकांनी तुला दिलेला तो स्टीलचा थर्मास, झाकणाला पोचा आलेला. त्याला तू चहा दिला होतास. नावाड्याच्या हातात थर्मासचं झाकण शोभत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि फोटो खालून कापला. पण शोभायचा प्रश्न नव्हता. ते झाकण बघून घरातलं कुणीही ओळखलं असतं. स्पर्धेला छापील फोटो मागत होते, त्यामुळे तारीख कुणी विचारली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी. त्या बिळावर सात वर्षं वर्ग भरवतोय.

हे सगळं लिहिलं ते सोपं होतं, ताई. जे लिहायचंय ते अजून लिहिलं नाही.

तू तब्येतीमुळे गेली नाहीस.

दोघांची फी तू भरली होतीस, तुझ्या निवृत्तीच्या पैशांतून. मी जन्मभर रडगाणं गात आलो की मला कधी कुणी शिकवलं नाही, पासपोर्टच्या फोटोंत हयात गेली. तू म्हणालीस, ‘चल, एकदाचं तुझं रडं मिटवू. मीही येते, तेहतीस वर्षं वॉर्डात गेली, जरा उजेड बघते.’ आपण आदल्या संध्याकाळी पोचलो, बायकांच्या खोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, कुणाची कुणाशी ओळख झाली नव्हती. पहिल्याच सकाळी सगळे पाण्यावर. माझ्या एका बाजूला बिल्डर, दुसऱ्या बाजूला डोळ्यांचे डॉक्टर, त्यांच्या एकेका लेन्सच्या किमतीत माझं दुकान आलं असतं. मी त्यांना सांगून बसलो होतो की माझा पोर्ट्रेटचा स्टुडिओ आहे. तेवढ्यात तू लांबून सरांना विचारलंस, ‘अहो, या कॅमेऱ्याचं झाकण कसं काढायचं?’ आणि सगळे हसले. मी पण हसलो.

मग जाळं फेकणं थांबलं, सर काहीतरी सांगत होते, आणि बघतो तर तू पिशवी घेऊन थेट त्या माणसापाशी. त्याला चहा ओतून देतेयस, बोलतेयस. सर वैतागले. मोठ्याने म्हणाले, ‘त्या बाई कोण? फ्रेममध्ये शिरल्यात. कुणाबरोबर आल्यात त्या?’

बाराच्या बारा जण एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, कारण आदल्या दिवशी आपण एकाच रिक्षातून उतरलो होतो.

मी म्हणालो, ‘माझ्याबरोबर नाहीत. आमच्या शेजारी राहतात.’

नाश्त्याला बिल्डरच्या बायकोने तुला विचारलं, ‘तुम्ही यांच्या शेजारी राहता म्हणे?’ तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता संपलं. तू म्हणालीस, ‘हो, भिंतीला भिंत,’ आणि बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे सरकवलास. मी त्यातलं एक घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. आणि ताई, लाज वाटते लिहायला, तू गेलीस तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

खाली सही काय करावी कळत नाही.

१४ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नाही. पण उद्या पंधरा तारीख, म्हणून तुझ्या प्रश्नाचं धड उत्तर देतो. ते एका ओळीत द्यायचं सोडून मी तीन पत्रं खर्ची घातली.

टिल्लीला सांग, माझ्याकडे पैसे भरू नकोस. सूट नको, निम्मी नको, काहीच नको. या वर्कशॉपात उभं कुठे राहायचं ते कळतं, बटण केव्हा दाबायचं ते कळतं, भल्या पहाटे कुणीतरी उठवतं. एरवी आपण अंथरूण सोडत नाही, तेवढा फायदा खरा. आणि रोज संध्याकाळी आपले फोटो पडद्यावर लावून परका माणूस तोंडावर सांगतो की हे वाईट आहेत. तेही एकदा ऐकावं. पण त्यासाठी दोन वर्षांचे पैसे? ज्याला भिंतीवर लावायला एक धुक्यातला फोटो हवाय त्याची फी वसूल होते. टिल्लीला माणसांचे फोटो काढायचे असतील तर तुझ्याबरोबर चार रविवार बाजारात फिरायला सांग. तू बोल, ती काढेल. कॅमेरा मी देतो, माझ्याकडे तीन पडून आहेत.

आता कालचं. नाव नोंदवलेल्या नऊ जणांची काल दुकानावरच्या खोलीत बैठक होती. दर वेळी मी तो फोटो पडद्यावर लावतो आणि तीन तासांची गोष्ट सांगतो. काल पूर्ण फोटो लावला, झाकणासकट. थोडा वेळ कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मग एक जण म्हणाले, सर, हातात काय आहे त्याच्या?

मी म्हणालो, ‘थर्मासचं झाकण आहे. थर्मास माझ्या बहिणीचा आहे. फोटोही तिचाच आहे.’

टेबलाला धरून उभा होतो. पेंढा सांगितला, सदरा सांगितला, एक जानेवारी सांगितलं. शेजारीण म्हणालो होतो तेही सांगितलं. पुढच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मग आम्ही तुमच्याकडून शिकायचं काय?’ मी म्हणालो, पासपोर्टचा फोटो मला चांगला काढता येतो. कुणी हसलं नाही. मी विनोद केलाही नव्हता.

सात जणांनी पैसे परत घेतले. दोघं म्हणाले, विचार करून कळवतो. म्हणजे तेही गेलेच. तुझी भावजय जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. लोक गेल्यावर वर आली, खुर्च्या लावल्या, आणि पिशवीतला तो सदरा काढून म्हणाली, ‘आता हा शिवू का?’

स्पर्धावाल्यांनाही लिहिलंय. बक्षिसाची ढाल परत पाठवतोय.

सोबत पूर्ण फोटो आहे, न कापलेला. मोठा करून पाठवतोय, दुमडू नये म्हणून पुठ्ठा घातलाय. तो तुझा आहे, तुझ्याकडे कधी आलाच नाही.

एकच विचारायचं आहे. अधिकार नाही, तरी विचारतो. त्या माणसाला तू काय म्हणालीस? सरांनी त्याला तासभर गंभीर उभा केला होता, थंडीने त्याचे ओठ काळे पडले होते. तरी तो असा हसला. सात वर्षं मी लोकांना शिकवतोय की माणूस असा हसतो कसा, आणि मला माहीतच नाही तो का हसला.

भाऊ

२३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्याला म्हणालो, पाच मिनिटं, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ती खोली पूर्वी फिल्म धुवायला होती, आता तिथे झाडू ठेवतो.

तुझं पत्र तुलाच काय सांगायचं, पण मी ते इतक्या वेळा वाचलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू लिहिलंयस, ‘त्याला विचारलं, थंडी वाजत नाही का. तो म्हणाला, वाजते, पण वाजताना दिसली पाहिजे म्हणून तर पैसे देतात. मग मी त्याला तुला दाखवलं. म्हटलं, तो निळ्या टोपीतला बघा, डॉक्टरांच्या शेजारचा. तो माझा धाकटा भाऊ, ढब्बू. लहानपणी पाण्याला इतका भ्यायचा की अंघोळीची बादली दिसली की पलंगाखाली जाऊन बसायचा, पाय धरून ओढून काढायला लागायचं. आणि आता बघा, पाण्याचे फोटो काढायला आलाय, आणि बूट भिजतील म्हणून रांगेतून दोन पावलं मागे उभा आहे. त्याने तुझ्याकडे बघितलं आणि हसला. तेव्हा मी बटण दाबलं.’

गेलेले दिवस कसले, ताई. तो माझ्या बुटांकडे बघत होता.

मी त्या सकाळचा मेळ लावून बघितला. सर ओरडले तेव्हा तू त्याच्यापाशी होतीस. म्हणजे तू माझ्याकडे बोट दाखवून ‘तो माझा भाऊ’ म्हणत होतीस, आणि त्याच वेळी, पन्नास पावलांवर, मी काय म्हणत होतो ते मी तुला लिहिलंच आहे.

आणि पुढचं तर वाचवतच नाही. ‘त्यात विशेष काही केलं नाही. सुई टोचायच्या आधी मी पेशंटला तुझीच एखादी गोष्ट सांगायचे. माणूस हसला की हात सैल सोडतो, सुई कळत नाही. तेहतीस वर्षं सांगितल्या. तुला न ओळखता आमच्या वॉर्डातून कुणी घरी गेलं नाही.’

पेपरात फोटो आला त्याच दिवशी तू तो ओळखलास हेही लिहिलंयस. झाकण कापलं तरी धरलेली बोटं राहिली होती. बोटं कशी राहिली मला कळलंच नाही, आणि मी लोकांना फ्रेम कशी कापायची ते शिकवत होतो. सात वर्षं तू मूग गिळून बसलीस, आणि मग विचारलंस ते एवढंच, की फी वसूल होते का.

क्षमा केली असं तू कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं. शेवटी आहे ते एवढंच, ‘टिल्लीने पैसे भरले नाहीत. रविवारी बाजारात जाऊन आलो. कॅमेरा पाठव.’ पाठवतोय. त्यातलं घड्याळ लावलेलं नाही, तसंच ठेवलंय.

दुकानात दारासमोर तो फोटो लावलाय, पूर्ण. खाली पितळी पट्टी होती, माझ्या नावाची, ती काढली. भिंतीवर चार भोकं राहिली. नवी पट्टी करून आणली, तुझं पूर्ण नाव, लग्नाआधीचं आणि नंतरचं दोन्ही. आता पासपोर्टच्या फोटोला बसलेला माणूस समोर बघतो, तर त्याला तोच दिसतो. वाचतात आणि विचारतात, ‘या कोण?’

कालपासून चौघांनी विचारलं. चौघांनाही सांगितलं.

ढब्बू